गुळपोळी दहा दिवस, पुरणपोळी दोन: प्रवासातल्या खाण्याचं गणित

दोन्ही पोळ्या कणकेच्याच, दोन्हींत गूळ, दोन्ही तव्यावर भाजलेल्या. तरी संक्रांतीची गुळपोळी डब्यात आठ-दहा दिवस निवांत राहते आणि होळीची पुरणपोळी मुंबईच्या हवेत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आंबूस वास मारायला लागते. दादरहून रात्रीची गाडी पकडून सकाळी कणकवलीला उतरणाऱ्याला हा फरक जाणवत नाही. सहारहून विमानात बसून दारापासून दारापर्यंत २२-२४ तासांनी न्यू जर्सीला पोचणाऱ्याला मात्र बॅग उघडल्या उघडल्या कळतो.

सगळा खेळ पाण्याचा. पण ‘ओलं नासतं, सुकं टिकतं’ एवढ्यावर भागत नाही. मुरंबा बोटाला चांगला ओला, चिकट लागतो. तो वर्षभर राहतो. पाव हाताला कोरडा लागतो. पावसाळ्यात तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच्यावर हिरवे ठिपके दिसतात. म्हणजे पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा ते मोकळं किती आहे, हे महत्त्वाचं. मुरंब्यातलं पाणी साखरेनं धरून ठेवलेलं असतं. जिवाणूला ते समोर दिसतं, पण पिता येत नाही. पावातलं पाणी बऱ्यापैकी सुटं असतं.

या मोकळ्या पाण्याचं मोजमाप आहे. अन्नशास्त्रात त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात आणि ते ० ते १ या पट्टीवर मोजतात. शुद्ध पाणी १. दूध, ताजं मटण, शिजलेला भात ०.९८-०.९९ च्या आसपास. पाव साधारण ०.९५. जॅम-मुरंबे ०.८ च्या जवळपास, मध ०.६, कडक बिस्किट ०.३. नासवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ ०.९१ च्या खाली थांबते. अपवाद स्टॅफिलोकॉकस ऑरियस या चिवट गड्याचा. तो आपल्या नाकात आणि हातावर राहतो आणि ०.८६ पर्यंत तग धरतो. शिवाय त्यानं सोडलेलं विष पदार्थ पुन्हा गरम केला तरी जात नाही. नेहमीच्या बुरश्या ०.८ पर्यंत वाढतात, काही हट्टी बुरश्या ०.६ च्या थोड्या वरपर्यंत. ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. प्रवासाचा खाऊ करताना आपण कढईपाशी उभं राहून जे काही करतो, ते पदार्थाला या पट्टीवर खाली ढकलण्यासाठी.

आता दोन पोळ्यांकडे परत. पुरणाची डाळ आधी भरपूर पाण्यात शिजते. मग गूळ घालून आपण ते पाणी आटवतो, डाव पुरणात उभा राहीपर्यंत. गूळ बरंच पाणी बांधतो, पण डाळीच्या पोटातलं सगळं नाही, आणि भोवतालची मऊसूत पारीही ओलसरच. गुळपोळीच्या सारणात पाणी मुळात घातलेलंच नसतं: किसलेला चिकीचा गूळ, तेलात खमंग भाजलेलं बेसन, तिळाचं कूट, भाजलेली खसखस. पारी पातळ, आणि पोळी मंद आचेवर खुसखुशीत होईपर्यंत भाजलेली. गुळपोळी मऊ राहिली तर ती चुकली, आणि टिकण्याच्या हिशेबानंही चुकली.

दशमीबद्दल एक गैरसमज आहे की ती दुधात भिजवलेली असते म्हणून टिकते. दुधात ८५ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, ते टिकायला काय मदत करणार! दूध वापरण्यामागे एक कारण सोवळ्याचं होतं. पाण्यातलं अन्न बाहेर चालत नसे, दुधातलं चाले. दुसरं कारण मऊपणाचं. दुधातली चरबी आणि साखर पिठाला मऊ ठेवतात, त्यामुळे पाणी उडेपर्यंत भाजूनही दशमी चिवट होत नाही. टिकवण्याचं काम मंद आच करते. ती घाईनं मोठ्या आचेवर भाजली तर बाहेर डाग पडतात आणि आत ओल राहते. मग दुसऱ्या दिवशी दशमी तोडली की तार सुटते. तार दिसली की टाकून द्यायची, चव बघत बसायचं नाही.

तळणं ही पाणी घालवायची सगळ्यात झटपट पद्धत. तेल १७०-१८० अंशांवर असतं, पाणी १०० ला उकळतं, त्यामुळे तळताना येणारे बुडबुडे म्हणजे निघून चाललेली वाफ. शंकरपाळे, चकल्या, कडबोळी काढायची वेळ घड्याळापेक्षा बुडबुड्यांवरून ओळखावी: ते जवळजवळ थांबले की पाणी गेलं. तेल फार तापलं तर रंग आधी चढतो, आपण फसून घाणा काढतो आणि दोन दिवसांनी चकली मधे मऊ लागते. तिखटमिठाच्या पुरीचं वेगळं. ती फुगलेली, आत ओलसर, म्हणून ती दोन दिवसांचीच गोष्ट. ते दोन दिवस नीट निघावेत म्हणून पीठ घट्ट भिजवा: २ वाट्या कणीक, अर्धी वाटी बेसन, २ मोठे चमचे कडकडीत मोहन आणि पाणी थोडं थोडं घालत पाऊण वाटीच्या आसपास. मेथी घालायची असेल तर धुऊन कापडावर पूर्ण सुकवून मगच चिरा. पानांवरचं पाणी मोजमापात धरलेलं नसतं आणि तेच नडतं.

मुंबईकरांना लागू पडणारी खास गोष्ट पुढे आहे. वॉटर ॲक्टिव्हिटी आणि हवेतली आर्द्रता यांचं थेट नातं आहे. ८५ टक्के आर्द्रतेच्या हवेत डबा उघडा राहिला, तर आतला पदार्थ हळूहळू ओल ओढत ०.८५ कडे सरकतो. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईची हवा बहुतेक वेळ याच पातळीवर असते. चकली आधी सादळते आणि तशीच राहिली तर पुढे बुरशीच्या हद्दीत शिरते. सोलापूरची कडक भाकरी तिकडच्या कोरड्या हवेत महिनोन् महिने कडक राहते, तीच परळच्या चाळीत पावसाळ्यात उघडी ठेवली तर दोन दिवसांत लवते. भाकरी तीच, हवा वेगळी. त्यामुळे पावसाळ्यात परदेशी पाठवायचं फराळाचं सामान गार झाल्या झाल्या हवाबंद करावं, ‘संध्याकाळी निवांत भरू’ म्हणू नये. नुसता सादळलेला चिवडा वाया गेलेला नसतो. कोरड्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परतला की परत कुरकुरीत होतो.

चिवडा मऊ पडण्याचं आणखी एक कारण डब्याच्या आतच असतं. एकाच डब्यातल्या ओल्या आणि कोरड्या वस्तूंमध्ये पाणी वाटलं जातं. कढीपत्ता नुसता मऊ होईपर्यंत तळला, मिरचीचे तुकडे अर्धे कच्चे राहिले, की त्यांच्यातली ओल दोन दिवसांत पोह्यांत उतरते. कढीपत्ता बोटात चुरला गेला पाहिजे, मिरची कडक वाजली पाहिजे. लाडवाच्या डब्यात चकली ठेवू नये ते याच कारणानं.

बेसनाच्या लाडवात पाणी जवळपास नसतंच. २ वाट्या जाडसर बेसन, पाऊण ते १ वाटी तूप, मंद आचेवर साधारण २५ मिनिटं. बरेच जण शेवटी दुधाचा हबका मारतात, बेसन फसफसून फुलतं आणि लाडू दाणेदार होतो. मारा, पण फेस पूर्ण बसेपर्यंत पुढे पाच मिनिटं भाजा, कारण आत्ताच आपण त्यात पाणी घातलंय. पिठीसाखर मिश्रण कोमट झाल्यावर. गरम असताना घातली तर ते सैल पडतं आणि लाडू बसतात. हे लाडू हवाबंद डब्यात तीन आठवडे सहज जातात. रव्याचे पाकातले लाडू आठवडाभर. ओल्या नारळाचे तीन-चार दिवस, तेही थंडीत. नारळाची वडी विमानात घालायच्या आधी त्या नारळाला ‘ओला’ का म्हणतात ते आठवावं.

पाणी नसलं म्हणजे सगळं संपलं असंही नाही. तेलकट पदार्थ खवट होतात आणि त्यात जिवाणूंचा हात नसतो. शेंगदाण्याचं तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून बिघडतं. सुक्या खोबऱ्याचं तेल वेगळ्या वाटेनं जातं: जरा ओल मिळाली की ते तुटतं आणि त्यातून लॉरिक आम्ल सुटतं. जुनं खोबरं साबणासारखं लागतं ते म्हणूनच; खोबरेल तेलाचा साबणही याच आम्लापासून होतो. वडापावच्या लाल चटणीत म्हणून तीन गोष्टी सांभाळायच्या: खोबरं ताजं आणि कोरडं भाजलेलं, लसूण कच्ची न घालता कडक होईपर्यंत परतलेली, आणि वाटताना एक थेंबही पाणी नाही. मिक्सरचं भांडं नुकतं धुतलेलं असेल तर आधी गॅसवर सुकवा. मग ही चटणी फ्रिजबाहेर तीन आठवडे आणि फ्रीजरमध्ये कितीतरी महिने राहते.

लोणच्यात तीन पहारेकरी असतात: मीठ, आंबटपणा आणि तेल. १ किलो कैरीच्या फोडींना १५० ते २०० ग्रॅम मीठ लागतं. ‘कमी मिठाचं’ लोणचं फ्रिजमध्ये ठेवायची चीज आहे, बॅगेत घालायची नाही. वरचं तेल हवा अडवतं. बुरशी येते ती बहुधा तेलाच्या वर डोकावणाऱ्या फोडीवर. पण तेल एकटं पहारा देऊ शकत नाही, उलट नुसत्या तेलात बुडवलेली कच्ची लसूण धोक्याची. हवा नसलेल्या जागी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हा जिवाणू वाढतो, आणि त्याचं विष माणूस मारण्याइतकं जहाल असतं. तो थांबतो आंबटपणानं: पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) ४.६ च्या खाली असेल तर त्याची वाढ होत नाही. कैरी आणि लिंबू जात्याच आंबट, त्यांची चिंता नाही. लसणीच्या लोणच्यात मात्र लिंबाचा रस किंवा व्हिनेगर भरपूर हवं, आणि ते चवीसाठी घातलेलं नसतं.

हाच जिवाणू व्हॅक्यूम पॅकिंगवरचा आपला आंधळा विश्वासही खोटा पाडतो. परदेशी पाठवायचा खाऊ असा पॅक करून देणारी दुकानं दादर, पार्ले, ठाणे इथे सहज सापडतात. चिवडा, मसाले, लाडू यांना ते उत्तम: ओल येत नाही, खवटपणा लांबतो. पण ओलसर पुरणपोळी व्हॅक्यूम केली म्हणून ती टिकाऊ होत नाही. बुरशी दिसायची बंद होते इतकंच, आणि जी धोक्याची खूण आपल्याला कळली असती तीही जाते. पुरणपोळी न्यायचीच असेल तर दोन पोळ्यांमध्ये बटर पेपर घालून २४ तास फ्रीजरमध्ये दगड करा, वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्यांत गुंडाळा, चेक-इन बॅगेच्या मधोमध कपड्यांत खुपसा आणि उतरल्या दिवशी संपवा.

भाताबद्दल थोडक्यात पण स्पष्ट. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू भात शिजतानाही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते जागे होतात आणि उलटी आणणारं विष तयार करतात, जे परत गरम करून जात नाही. ५ ते ६० अंश हा सगळ्या ओल्या अन्नाचा धोक्याचा पट्टा. त्यात ते जास्तीत जास्त दोन तास ठेवावं, आणि बाहेर ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मे महिन्यात गाडीत नेलेला मसालेभात तासाभरात खाल्ला तर ठीक. आंबट दह्यातला भात तुलनेनं बरा, तरी रात्रीपर्यंत ठेवण्यातला तो नव्हे.

भरताना होणारी चूक जवळजवळ सगळ्यांची सारखीच: गरम असताना झाकण लावणं. वाफ झाकणावर गार होऊन थेंब होते आणि ते थेंब म्हणजे शंभर टक्के मोकळं पाणी, थेट वरच्या पुरीवर. पुऱ्या, पोळ्या, लाडू जाळीवर किंवा कापडावर पसरून पूर्ण गार करा, मग भरा. गरम पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळल्या तरी त्यांना तसाच घाम येतो. लोणचं तर फॉइलला लागूच देऊ नका, मीठ आणि आंबटपणा ॲल्युमिनियमला भोकं पाडतात.

विमानात आणखी एक घोळ. आतला दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीवरच्या दाबाइतका, म्हणजे मुंबईच्या तीन चतुर्थांशाला येऊन ठेपतो, सामानाच्या कप्प्यातही. बरणीतली हवा त्यामुळे एक तृतीयांशापर्यंत फुगते आणि बरणी आडवी असेल तर आट्यांतून तेल बाहेर ढकलते. लोणचं गळ्यापर्यंत भरा म्हणजे आत हवाच कमी राहील, तोंडावर प्लॅस्टिक ताणून झाकण घट्ट करा, वर टेप, आणि एकात एक अशा दोन झिपच्या पिशव्या. चिवड्याच्या पाकिटातली हवा आधीच दाबून काढा. लोणचं, तूप, ओली चटणी हँडबॅगेत नको. आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरच्या वरचं पातळ सुरक्षा तपासणीतच अडतं. मेतकूट, भाजणी, मसाले हीही चेक-इनमध्येच घाला. अमेरिकेच्या विमानात हँडबॅगेत ३५० मिलिलिटरपेक्षा जास्त पूड असेल तर ती वेगळी तपासतात, आणि रांगेत उभं राहून अधिकाऱ्याला मेतकूट समजावणं सोपं नाही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या चेक-इन बॅगेत चालतच नाहीत. तेलकट खोबरं आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून ते धोकादायक मालात मोडतं.

विमानातलं जेवण फिकं लागतं त्याला स्वयंपाकीच जबाबदार असतो असं नाही. कमी दाब आणि कोरडी हवा यांत मीठ आणि गोड कमी जाणवतं. लुफ्तान्सानं २०१० मध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेकडून हे तपासून घेतलं होतं. टोमॅटोचा रस मात्र वर गेल्यावर लोकांना जास्त आवडतो. कोरड्या शेंगदाणा चटणीची छोटी पुडी खिशात असावी ती याचसाठी.

आता पलीकडचं कस्टम. इथे टिकण्याचा प्रश्न संपतो आणि रोगराईचा सुरू होतो. युरोपीय संघ आणि ब्रिटन बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दूधदुभतं आणू देत नाहीत. भारतात गुरांना लाळ्या-खुरकूत होतो, हे त्यामागचं मोठं कारण. तूप, खवा, पेढे, बर्फी या बंदीत सापडतात. गंमत म्हणजे युरोपात मासे चालतात, माणशी २० किलोपर्यंत. म्हणजे साजूक तूप अडेल आणि सुके बोंबील आत जातील, फक्त सोबतच्या कपड्यांना पुढे महिनाभर त्यांचा वास येईल. ऑस्ट्रेलिया दुधाच्या मिठाईबद्दल फार कडक आहे. तिथे आणि न्यूझीलंडला तर खाण्याचा प्रत्येक पदार्थ फॉर्मवर लिहावा लागतो. लिहून अडलं तर फक्त पदार्थ जातो, लपवून सापडलं तर दंड होतो.

अमेरिकेत ताजा कढीपत्ता नेता येत नाही, कारण त्याच्यावर संत्र्या-लिंबांच्या झाडांना रोग लावणारी कीड येते. तांदूळही नाही, खपरा नावाचा धान्यातला किडा त्यांना नको आहे. हापूस तर मुळीच नाही. २००७ पासून भारतीय आंबा तिथे जातो तो विकिरण केंद्रातून प्रक्रिया होऊन, व्यापारी मालानं. आपल्या बॅगेतली पेटी विमानतळावरच्या कचऱ्यात जाते. आंबा न्यायचाच तर साठं न्या, म्हणजे आंबापोळी. रस उन्हात वाळवून पाणी काढलेलं, साखरेनं उरलेलं बांधलेलं.

आणि खसखस. दुबई-अबूधाबी, सौदी, सिंगापूर इथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्यात येते आणि तिच्यापायी लोकांनी तुरुंगवास भोगला आहे. पुडी नेऊ नका हे सगळे सांगतात. ती पदार्थांत दडलेली असते ते कोणी सांगत नाही. अनारसे तिच्यावरच थापलेले, करंजीच्या सारणात ती, वर सांगितलेल्या गुळपोळीत ती, मालवणी मसाल्यात आणि कित्येक घरच्या गोड्या मसाल्यातही ती. आखातात जाणाऱ्यासाठी लालबागला मसाला कुटायला द्याल तेव्हा डंकावर उभं राहून खसखस वगळायला सांगा. गुळपोळीत तिळाचं कूट वाढवा, चव फारशी बिघडत नाही. अनारसे त्या फेरीला राहू द्या.

हे नियम बदलतात, त्यामुळे निघायच्या आठवड्यात त्या देशाच्या कस्टमच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या. घरच्या प्रत्येक पाकिटावर इंग्रजीत पदार्थाचं नाव आणि त्यात काय काय आहे ते लिहून चिकटवा.

पोचल्यावर बॅग उघडली की आधी पुऱ्या संपवायच्या, मग दशम्या. पुरणपोळी नेली असेल तर ती त्याच रात्री तव्यावर गरम करून, तूप तिकडच्या दुकानातलं. चटणी फ्रीजरमध्ये. चिवड्याचा मोठा डबा न उघडता लहान बरणीत थोडा थोडा काढा. गुळपोळ्यांना घाई नाही.